कागद धुता येत नाही

सोलापूरच्या फलाटावर आप्पांनी माझ्या हातात डबा दिला, तेव्हा त्याच्या कडा अजून गरम होत्या. वनस्पती तुपाचा जुना डबा होता तो. आत अव्वाने, म्हणजे माझ्या आईने, उखळात कुटलेली शेंगाचटणी गच्च भरली होती, आणि एवढ्या लांबच्या प्रवासात तेल झिरपू नये म्हणून आप्पा स्टेशनवर येता येता झाकण झाळून घेऊन आले होते. कडेने कथलाची ओबडधोबड रेघ फिरली होती. तापलेल्या धातूच्या वासातून लसूण आणि तिखट तरीही वाट काढत बाहेर येत होतं. डब्याखाली, कापडात बांधलेली कडक भाकऱ्यांची चळत होती. बहात्तर सालचा ऑक्टोबर होता. पाऊस त्या वर्षी आलाच नव्हता. रेशनवर परदेशी तांबडी ज्वारी मिळत होती, आणि अव्वाने मात्र कुठल्या तरी मडक्याच्या तळाशी माझ्यासाठी पांढरी ज्वारी जपून ठेवली होती. त्या भाकऱ्या हातात घेताना मला त्यांचं वजन वाटत नव्हतं. त्या पांढऱ्या आहेत याचंच ओझं वाटत होतं.

फलाटावर आप्पांचे दोन मित्र आले होते. नरसय्याकाका भवानी पेठेत माग चालवत, त्यांनी स्वतः विणलेली चादर माझ्या खांद्यावर टाकली आणि म्हणाले, "तितं बर्फ पडतंय म्हनं. हिला घाबरून वितळंल बघ." मास्तर माझे शाळेतले शिक्षक. कवितेतलं लघु-गुरू मी त्यांच्याकडून शिकले. बाकावर बोटांनी ठेका धरून ते शिकवत, आणि आजही एखादी ओळ मनात आली की आधी माझी बोटं हलतात. मास्तरांनी एक कोरी वही दिली. "पत्रं मराठीत लिही. खरं लिही. अलंकार मागाहून येतात," एवढंच बोलले.

गाडीने धक्का दिला तेव्हा आप्पा खिडकीशी आले. त्यांचा आवाज कापडाच्या दुकानात बसणाऱ्या माणसाचा, कधीही न चढणारा.

"गिरिजव्वा, दोनच गोष्टी सांगतो. ताटात टाकायचं न्हाई. आन् खाल्लेलं लपवायचं न्हाई."

पहिली गोष्ट सांगायची गरज नव्हती. आमच्या घरी जेवण झालं की आप्पा ताटात पाणी ओतत, बोटाने कडेकडेने फिरवत आणि ते पाणी पिऊन टाकत. ताट असं लख्ख होई की त्यात वरच्या कौलांमधला उजेड दिसे. आम्हा लिंगायतांच्या घरोघरी ही रीत. पुढ्यात आलेलं अन्न म्हणजे प्रसाद. प्रसादाचा कण मोरीत जाता कामा नये. मी चार वर्षांची असल्यापासून ताट धुऊन प्यायले आहे. मिठाचा, डाळीचा, हळदीचा तो फिका घोट म्हणजे माझ्या बालपणाची सर्वांत जुनी चव.

दुसरी गोष्ट मात्र मला तेव्हा विनोदी वाटली. ज्या घरात लपवून खाण्याजोगं काही शिजतच नव्हतं, त्या घरची मी मुलगी. मी काय लपवणार?

सोलापूरकरांनो, तुमच्यापैकी जे तिथेच राहिलात त्यांना नव्या पेठेतलं आप्पांचं खण-लुगड्यांचं दुकान आठवत असेल, आणि दुकानाच्या दारातला तो सागवानी बाक. संध्याकाळी त्या बाकावर आप्पा, नरसय्याकाका आणि मास्तर बसत आणि वर्षानुवर्षं एकच वाद घालत: सोलापुरात भजी सर्वांत चांगली कुठली? काका स्टेशनजवळच्या हातगाडीचे, मास्तर तळ्याकाठच्या म्हाताऱ्याचे, आप्पा कोपऱ्यावरच्या हॉटेलचे. रोज कुणाच्या तरी पक्षाची भजी वर्तमानपत्राच्या कागदात बांधून यायची, तेलाने छापील अक्षरं पारदर्शक व्हायची, आणि तिघे न्यायाधीशांसारखे चघळत बसायचे. वाद कधीच मिटला नाही. तो मिटावा अशी कुणाची इच्छा नव्हती, हे मला फार उशिरा कळलं.

आणि जे माझ्यासारखे निघालात, त्यांना दुसरा बाक सांगायला हवा असं नाही. प्रत्येकाला एक मिळतो. माझा ओहायोत मिळाला, टायरच्या कारखान्यांच्या एका गावात, आठव्या हाती आलेल्या मोटारीच्या मागच्या सीटवर.

ती मोटार माझे यजमान बसवराज, हैदराबादचे राव आणि करमाळ्याचा शिंदे अशा तिघांनी मिळून घेतली होती. तिघेही विद्यापीठात शिकत होते. शनिवारी दुपारी आम्ही चौघे तिच्यातून निघायचो, आणि निघण्याआधीच वाद पेटलेला असायचा: या गावात हॅम्बर्गर सर्वांत चांगला कुठला? राव विद्यापीठासमोरच्या दुकानाचे, कारण तिथे पाव लोण्यावर भाजत. शिंदे हमरस्त्यावरच्या त्या ठिकाणाचा, जिथे मोटारीच्या खिडकीलाच थाळी आणून अडकवत. बसवराज बसस्थानकामागच्या निकच्या काउंटरचे. निक ग्रीक होता. तापलेल्या लोखंडी पत्र्यासमोर उभा असायचा आणि मनगटांपर्यंत पिठाने माखलेला असायचा, कारण पाव तो स्वतः भाजत असे.

हॅम्बर्गर कशाचा करतात हे मी इथे खुलासेवार सांगणार नाही. नंदीला हात जोडून ज्या घरचा दिवस सुरू होतो त्या घरातून आम्ही दोघे आलो होतो. बसवराजांनी माझ्या येण्याआधीच ते खायला सुरुवात केली होती. त्यांच्या गळ्यातलं इष्टलिंग वसतिगृहातल्या टेबलाच्या खणात पडलं होतं. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. परदेशातले संसार असल्याच अनेक न विचारण्यांवर उभे राहतात.

माझ्या गळ्यात मात्र पांढऱ्या दोऱ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी होती. रोज सकाळी स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून मी लिंग डाव्या तळहातावर घेत असे. बाहेर कारखान्याची काळी चिमणी, आत उदबत्ती. आणि शनिवारी मी निकला सांगत असे, "मांस नको."

पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तो हसला होता. मग उरलं काय, असं त्याने हातानेच विचारलं. मग त्याने एक छोटी तवी काढली, वेगळी, आणि तीत लोणी टाकून माझ्यासाठी कांदा परतला. पातळ चिरलेला, कडा तपकिरी होईपर्यंत. त्या वासाने माझे डोळे भरून आले. हजारो मैलांवर, बर्फाच्या दिवशी, संध्याकाळच्या नव्या पेठेचा वास! तीळ लावलेला ऊन पाव, त्यात तो कांदा, टोमॅटोची चकती, आंबट काकडी. मेणकागदात गुंडाळून तो ते देत असे. तोच माझा हॅम्बर्गर. तेवढ्यावर मी त्या तिघांच्या वादात निकाल देऊ लागले, आणि तोही ठामपणे, निकच्या बाजूने.

शिंदेला ते सहन होत नसे. "वहिनी, तुमी मटण काढून टाकता आन् मग निकाल देता! हे म्हंजे नवरा सोडून वरातीचं कवतिक केल्यागत झालं की ओ!"

"वरात चांगली असली की नवऱ्याकडं कोण बघतं, भावजी?"

"ऐकलं का बसवराज?" शिंदे मागे वळून ओरडायचा. "हे तुमाला हाय बरं का!"

त्या मोटारीत खूप हसलो आम्ही. आज वाटतं, तिथे कुणालाच हॅम्बर्गरची पडली नव्हती. आपण एखाद्या गावाचे आहोत याची पहिली खूण म्हणजे त्या गावात चांगलं काय कुठे मिळतं यावर हक्काने भांडता येणं. आम्ही ते भांडण घाईघाईने शिकत होतो.

घरी पत्रं जात होती. निळ्या, पातळ, तीन घड्यांच्या हवाई टपालाच्या कागदावर मी लिहीत असे: "आम्ही दूध, फळे, भात खातो. शनिवारी पाव आणि कांदा." आप्पांचं उत्तर येई की पत्र बाकावर वाचून दाखवलं. नरसय्याकाका पाव-कांद्यावर हसले. मास्तर म्हणाले, भाषा सुधारते आहे.

दुसऱ्या हिवाळ्यात मी गरोदर होते. पाचवा महिना. ग्रंथालयात मला अर्ध्या दिवसाचं काम मिळालं होतं आणि त्या दिवशी दुपारची बस चुकली. बर्फ पडून गेल्यावरचं ते करडं, आवाज नसलेलं ऊन. भूक अशी की जणू ती माझी नव्हतीच, माझ्या आत बसलेल्या कुणा दुसऱ्याची होती. मी निकच्या काउंटरवर गेले. निक नव्हता, त्याच्या जागी कुणी नवा स्वयंपाकी होता. मी सवयीने म्हणाले, "नेहमीचं." माझं नेहमीचं त्याला कुठून ठाऊक असणार? तिथे सगळे जे नेहमी घेत तेच त्याने मेणकागदात गुंडाळून दिलं.

पहिला घास तोंडात असतानाच मला कळलं.

कागद माझ्या हातात होता. उरलेला हॅम्बर्गर कागदावर होता. कुणी बघत नव्हतं. मी तो बाजूच्या पिंपात टाकू शकले असते; चूक झाली म्हणून परत देऊ शकले असते. पण तोंड लावलेलं अन्न खाली ठेवायचं कसं हे माझ्या हाताला माहीत नव्हतं. त्याला कधी शिकवलंच नव्हतं. दुष्काळाच्या वर्षी मडक्याच्या तळातून निघालेल्या त्या पांढऱ्या भाकऱ्या डोळ्यांपुढे आल्या. ताटात टाकायचं नाही. आणि मी ते संपवलं.

असं मी स्वतःला सांगितलं. त्या दिवशी, आणि मग पुढे कित्येक वर्षं.

घरी आल्यावर मी दोरा गळ्यातून काढला, चांदीची डबी अव्वाने ओटीत घातलेल्या हिरव्या खणात गुंडाळली आणि ट्रंकेच्या तळाशी ठेवली. बसवराजांनी रिकामा गळा पाहिला. काही विचारलं नाही. त्या आठवड्याच्या पत्रात मी लिहिलं: "आम्ही दूध, फळे, भात खातो. शनिवारी पाव आणि कांदा." एक अक्षरही खोटं नव्हतं. वाक्य जसंच्या तसं राहिलं, फक्त लिहिणारी बदलली होती. ते पत्रही बाकावर वाचलं गेलं. मास्तरांचा शेरा आला: "आता तिच्या गद्याला लय सापडली आहे."

अठ्ठ्याहत्तर साली आम्ही सोलापूरला आलो, म्हणजे मी आणि माझी लेक उमा. बसवराजांना रजा नव्हती. उमा पाचव्या वर्षात होती. मी उंच गळ्याचे ब्लाऊज शिवून घेतले होते, दोरा नाही हे दिसू नये म्हणून. एप्रिलच्या सोलापुरात उंच गळा! अव्वा पंख्याने वारा घालत म्हणाली, "अगं, गुदमरशील." मी म्हणाले, तिकडची सवय.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही जेवायला बसलो होतो. भाकरी, शेंगाचटणी, मेथीची भाजी, ताक. उमा आजोबांचं बघून ताटात पाणी ओतून बोट फिरवत होती आणि खिदळत होती. आप्पांनी तिला विचारलं, "काय गं, तुला तितं सगळ्यात काय आवडतं?"

"हॅम्बर्गर," उमा म्हणाली. "निकचा. शिंदेकाका म्हणतात रस्त्यावरचा चांगला, पण ते चूक आहेत. आई म्हणते निकचाच."

आप्पांचे डोळे चमकले. मी त्यांना एवढं आनंदलेलं क्वचितच पाहिलं होतं. "म्हंजे तितं बी बाक हाय म्हना की!" ते अव्वाला म्हणाले. मग उमाकडे वळून, "आन् ते करतात कशाचं?"

"मांसाचं. पण आम्ही कांद्याचा खातो. निक आम्हाला वेगळ्या तवीत करून देतो."

आप्पा हसले. "कांद्याचा! शाबास." आणि अगदी सहज, ताकाची वाटी उचलता उचलता त्यांनी मला विचारलं, "कांद्याचाच ना?"

एका शब्दाचं उत्तर होतं. होय म्हटलं असतं तर उमा साक्षीला होती, सहा वर्षांची पत्रं साक्षीला होती. वरच्या कौलांमधून उन्हाचा एक पट्टा थेट माझ्या ताटात पडला होता. मी त्यात पाहत राहिले.

"एकदा कांद्याचा नव्हता, आप्पा."

अव्वाचा पंखा थांबला. आप्पांनी वाटी खाली ठेवली. मी सगळं सांगितलं: बस, भूक, नवा माणूस, पहिला घास. "चूक झाली होती," मी म्हणाले, "पण तोंड लावलेलं टाकायचं कसं? तुम्हीच सांगितलं होतं ताटात टाकायचं नाही. म्हणून संपवलं."

"पोटुशी होती ती," अव्वा कळवळून म्हणाली. "तिला काय दोष!"

"दोषाचं मी इचारलंच न्हाई." आप्पा माझ्याकडे बघत होते. "म्हनूनच संपवलंस?"

त्यांनी हे रागाने विचारलं असतं तर मी त्याच उत्तराला चिकटून राहिले असते. पण ते भज्यांची चव विचारावी तितक्या लक्षपूर्वक विचारत होते. मला एकदम जाणवलं, की माझी चूक मी त्यांच्या नियमात गुंडाळून त्यांच्यापुढे ठेवली होती, आणि ते नुसतं गुंडाळलेलं कापड बाजूला करत होते.

"नाही," मी म्हणाले. "आवडलंही होतं, आप्पा. पहिला घास चुकून गेला. बाकीचे मी खाल्ले."

मग त्यांनी रोजच्यासारखं ताटात पाणी ओतलं, बोट फिरवलं, पाणी प्याले. ताट पालथं घालून उठले.

माझ्या उंच गळ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "डबी कुटं हाय?"

"आणलीय. बॅगेत."

"मी काढ म्हनलं नव्हतं. तवा बांध बी म्हननार न्हाई. ते तुजं तू ठरव. जावयाचं मी इचारत न्हाई, तो त्याच्या बापाला सांगंल." दारापर्यंत जाऊन ते थांबले. "संध्याकाळी दुकानात ये. सहा वर्सं मी तुजी पत्रं तितं वाचलीत. ज्यांना वाचून दाखवली त्यांना हे बी कळाय पायजे."

"आहो, गावात बोभाटा करायचाय का?" अव्वा म्हणाली.

"गावात न्हाई. बाकावर."

त्या संध्याकाळी मी नव्या पेठेत गेले ती साधा, खोल गळ्याचा ब्लाऊज घालून. सायकलींच्या घंटा, अत्तराच्या दुकानापुढचा दमट वाळ्याचा वास, गिरणीचा भोंगा, सगळं जिथल्या तिथे होतं. बाक तोच होता. भजी आली होती, तळ्याकाठची. नरसय्याकाकांनी सरकून मला जागा दिली. बाया त्या बाकावर बसत नसत, पण कुणी काही म्हटलं नाही.

"या, अमेरिका!" काका म्हणाले. "चादर हाय का फाटली?"

"आहे, काका. उमा तीच पांघरते."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी सांगितलं. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. तसं झालं नाही. आवडलं होतं, हे सांगताना आवाज फुटला, आणि समोरच्या सराफाच्या दुकानातलं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं.

आधी काका बोलले, आप्पांकडे वळून. "आमच्या घरी ऐतवारी मटण शिजतंय. मी कदी लपवलं का तुज्यापास्नं, शिवलिंगप्पा?"

"न्हाई. म्हनून तर बसतोस हितं."

"मटणाची गोष्ट वेगळी, नरसय्या," मास्तर हळू म्हणाले. त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसत राहिले. चष्म्याविना त्यांचा चेहरा मला अनोळखी दिसला, उघडा पडल्यासारखा. "सहा वर्षं मी हिच्या पत्रांचं वर्गात कौतुक केलं. मुलांना सांगितलं, असं लिहा." चष्मा डोळ्यांवर चढवून ते उठले. "मी तुला खरं लिहायला शिकवलं होतं, गिरिजा."

"मास्तर, बसा की," काका म्हणाले.

मास्तर बसले नाहीत. गर्दीत त्यांची काळी टोपी थोडा वेळ दिसली आणि मग दिसेनाशी झाली. त्यांना मांसाचं दुःख झालं की शब्दांचं, हे मला आजही सांगता येत नाही. कदाचित त्यांनाही ते वेगळं करता आलं नसेल.

आप्पांना हे होणार ठाऊक होतं. त्यांचा चाळीस वर्षांचा मित्र त्यांच्यासमोरून उठून गेला होता, माझ्यामुळे, त्यांनीच बोलवलेल्या मुलीमुळे; आणि ते शांतपणे भज्यांचा कागद आपल्याकडे ओढत होते. त्यांनी तो आम्हा दोघांच्या मध्ये बाकावर पसरला. एक भजं उचलून माझ्या हातात दिलं आणि त्याच कागदावरून दुसरं स्वतः घेतलं. थंड झालेली भजी होती ती, ओव्याचा वास तेवढा जागा होता. संपली तेव्हा कागदावर बेसनाचे कण आणि तेलाचे डाग उरले.

"त्या दिवशी ताट व्हतं का कागद?" आप्पांनी विचारलं.

"कागद."

"कागद धुता येत न्हाई," ते म्हणाले. त्यांनी तर्जनी कागदावरून फिरवली, एक-एक कण टिपला, तोंडात टाकला. मग कागद माझ्याकडे सरकवला. अर्धा त्यांनी माझ्यासाठी ठेवला होता. मी बोट फिरवलं.

मी परत आले. पत्रं जात राहिली, येत राहिली. माझ्या पत्रांतलं ते वाक्य गेलं. आता मी काय खाल्लं ते तसंच्या तसं लिहीत असे, आणि पत्रं त्यामुळे लांब, ओबडधोबड होत. आप्पांच्या उत्तरात शेवटी एक ओळ असे: "मास्तर आला नाही. त्याची जागा मोकळी ठेवतो." डबी पुन्हा ट्रंकेच्या तळाशी गेली होती. आप्पांनी तुजं तू ठरव म्हटलं होतं; पण माझ्यामुळे बाकावरची एक जागा रिकामी असताना मी सकाळी तळहात पसरून बसावं हे मला जमेना.

दोन वर्षांनी, मार्चमध्ये, बर्फाची शेवटची काळी ढेकळं विरघळत असताना निळं पत्र आलं. आप्पांचं अक्षर: "मास्तर काल आला. मागचं काही बोलला नाही. भजी थंड आहेत म्हणाला. स्टेशनवरची होती, नरसय्या चिडला." आणि खाली, उरलेल्या बोटभर जागेत, फळ्यावर लिहिल्यासारखं रेखीव अक्षर, जे पाहताच माझी बोटं टेबलावर ठेका धरू लागली:

"तुझ्या गावी हॅम्बर्गर सर्वांत चांगला कोणता? कारणांसह लिही."

शाळेतला प्रश्न होता तो, आणि पूर्ण गुणांचा. मी तो पुन्हा पुन्हा वाचला. मग न्हाऊन ट्रंक उघडली. हिरव्या खणाला अजून ओटीतल्या हळदीचा मंद वास होता. दोरा पिवळा पडला होता. मी नवा घेतला आणि माझ्या हातांनी बांधला. दुपारी मास्तरांना उत्तर लिहायला बसले. पाच पानं भरली. लोण्यावर भाजलेल्या पावाबद्दल लिहिलं, खिडकीला अडकवलेल्या थाळीबद्दल, शिंदेच्या वरातीच्या विनोदाबद्दल, निकच्या वेगळ्या तवीबद्दल. आणि त्या एका दुपारबद्दलही, चव कशी होती तेही, अलंकार न घालता.

आता त्या बाकावरचं कुणीच राहिलेलं नाही. दुकान चुलतभावाच्या मुलाने काचेचं केलंय, आणि बाक कुठे गेला हे त्यालाही ठाऊक नाही. निकही गेला. त्याच्या काउंटरच्या जागी दुसऱ्याच कुणाचं खाण्याचं दुकान आहे. तिथली मुलगी कांदा वेगळा परतून देते, फक्त का ते विचारत नाही. उमा शिकागोत राहते. ती सगळं खाते, आणि रविवारी फोन करून मला सगळं सांगते. कधी मला ऐकवत नाही असंही सांगते. मी ऐकते. मग आम्ही भांडतो, की तिच्या गावात चांगलं कुठे मिळतं आणि माझ्या गावात कुठे.

तुम्ही मला पत्रांतून विचारता, घर म्हणजे आता तुला काय वाटतं, सोलापूर की तिकडचं? मला गावाचं नाव सांगता येत नाही. मला सागवानी बाकावर मोकळी ठेवलेली एक जागा दिसते, आणि दोघांच्या मध्ये पसरलेला एक तेलकट कागद. दुकानातली ती मुलगी टेबल पुसायला येते आणि विचारते, झालं का? मी म्हणते, थांब. तिळाचे दोन दाणे उरलेले असतात, कांद्याची एक तपकिरी कड. मी बोट फिरवते. अर्ध्या कागदावरून. अर्धा ठेवायची सवय अजून जात नाही. मग थोड्या वेळाने तोही टिपते, आणि उठते.